गार कोणाला करून पाहिलं?

हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालं, पण शुद्ध आली नाही, अशा माणसाचं शरीर गार करावं की नाही, यावरून नाशिकच्या आयसीयूंमध्ये काम करणाऱ्या डॉक्टरांत सरळ दोन तट पडलेत. पहिला तट म्हणतो, २०२१ च्या मोठ्या ट्रायलने, म्हणजे रुग्णांवर केलेल्या चाचणीने, विषय संपवला. ३३ अंशांवर नेऊन काही पदरात पडत नाही, ताप चढू देऊ नका म्हणजे झालं. दुसरा म्हणतो, २००२ साली याच उपायाने माणसं उठून घरी गेली होती. तेव्हा खरा असलेला उपाय आता खोटा कसा ठरेल? ट्रायलमध्ये पेशंटच चुकीचे घेतले. मी डॉक्टर नाही. संख्याशास्त्र शिकवत आलो आणि सध्या एका एथिक्स कमिटीवर डॉक्टरेतर सदस्य म्हणून ट्रायलचे प्रोटोकॉल, म्हणजे आधी लिहून ठेवलेले आराखडे, वाचतो. त्यामुळे दोन्ही बाजू ऐकताना एकच गोष्ट खटकते. भांडण सगळं तापमानाच्या आकड्यावर चाललंय, आणि तो आकडा कोणाच्या शरीरावर तपासला, हे विचारायला कोणी थांबत नाही. विचारलंच, तर आपल्या बाजूचा निकाल हरल्यावर.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आज नाशिकमध्ये प्रत्येक बेशुद्ध पेशंटला सरसकट ३३ अंशांवर न्यायला आधार नाही. ताप मात्र कटाक्षाने रोखायलाच हवा. पण ‘कूलिंग बाद झालं’ हे वाक्यही खरं नाही, कारण आपल्याकडे ज्यांची हृदयं बंद पडतात त्यांतले बरेचसे त्या ट्रायलच्या दारातूनच परत गेले असते. आणि निवड चुकली अशी तक्रार करायची असेल, तर तिची जागा निकालानंतरच्या भाषणात नसून निकालाआधीच्या प्रोटोकॉलमध्ये आहे.

मुळापासून पाहू. २००२ साली एकाच वेळी दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. युरोपातल्या अभ्यासात ३२ ते ३४ अंशांवर २४ तास ठेवलेल्यांपैकी ५५ टक्के लोक मेंदू शाबूत राहून सावरले, न ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के. मेलबर्नच्या अभ्यासात हेच आकडे ४९ आणि २६. ऐकायला विलक्षण. पण आत कोण होतं? युरोपच्या अभ्यासासाठी ३,५५१ रुग्ण तपासले आणि घेतले २७५. म्हणजे शंभरातले ब्याण्णव बाहेर. वय १८ ते ७५. कोणाच्या तरी डोळ्यांदेखत कोसळलेला. हृदयाची लय शॉक देऊन ताळ्यावर आणण्याजोगी, म्हणजे ‘शॉकेबल’. कोसळल्यापासून पाच ते पंधरा मिनिटांत प्रशिक्षित माणसांचा हात लागलेला. साठ मिनिटांच्या आत हृदय परत सुरू झालेलं. मेलबर्नच्या अभ्यासात एकूण माणसं ७७, कोण कुठल्या गटात हे सम-विषम तारखेवर ठरलेलं, आणि पन्नाशीच्या आतली एकही बाई नाही, का तर ती गरोदर असू शकते म्हणून. शिवाय युरोपमध्ये ज्यांना गार केलं नाही त्यांचा पारा ३७ च्या वर चढलेला होता. मग तुलना कशाची झाली? गारव्याची साध्या तापमानाशी, की गारव्याची अंगातल्या कणकणीशी?

द्राक्षपट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. निर्यातीसाठी निवडलेल्या पेटीतला मणी चाखून सगळ्या बागेची गोडी ठरवत नाहीत. वैद्यकाने मात्र ठरवली. २००३ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत, शॉकेबल लयीच्या रुग्णांना गार करा, असं म्हटलं आणि इतर लयींना, रुग्णालयातच हृदय बंद पडलेल्यांनाही कदाचित उपयोग होईल, अशी पुस्ती जोडली. त्या ‘कदाचित’वर जगभर यंत्रं विकली गेली. त्या वेळी ‘पेशंट वेगळे आहेत’ असं आजच्या कूलिंगवाल्यांपैकी किती जण म्हणत होते? निवड तेव्हाही तितकीच अरुंद होती. फक्त निकाल आवडता होता.

आता पहिल्या तटाकडे वळू. २०१३ मध्ये ९३९ रुग्णांत ३३ विरुद्ध ३६ अंश अशी तुलना झाली. मृत्यूंमध्ये फरक नाही. २०२१ मध्ये १४ देशांत १,९०० रुग्ण घेऊन ३३ अंश विरुद्ध नुसता ताप रोखणं अशी तुलना झाली. सहा महिन्यांनी गार केलेल्यांत ५० टक्के आणि दुसऱ्या गटात ४८ टक्के मृत्यू. काम अतिशय नेटकं, आणि ते करणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पण आत कोण होतं, हा प्रश्न इथेही विचारायला हवा. रुग्णालयाबाहेर कोसळलेले, कारण हृदयाचं किंवा अज्ञात असं मानलेले प्रौढ. बहुसंख्य शॉकेबल लयीचे. दहातल्या नऊंना कोसळताना कोणीतरी पाहिलेलं, आणि सुमारे पाचांतल्या चौघांच्या छातीवर आसपासच्या माणसाने दाब दिलेला. कोणाच्याही देखत न कोसळलेला आणि मॉनिटरवर सरळ रेघ असलेला माणूस वगळलेला.

हे नाशिकच्या द्वारका चौकात ठेवून पाहा. माणूस कोसळला की भोवती गर्दी जमते, तोंडावर पाणी मारतात, कोणी कांदा शोधतं, मग रिक्षा थांबवतात. १०८ ला फोन लावण्याआधी घरच्यांना लागतो. छातीवर हात ठेवणारा सापडला तर नशीब. सुरगाण्याहून, पेठहून घाटरस्त्याने यायचं म्हणजे गोष्टच निराळी. तिथून जो जिवंत हृदय घेऊन पोचतो, त्याच्या मेंदूने किती मिनिटं रक्ताविना काढली, हे कोणालाच ठाऊक नसतं. ज्याला पहिल्या मिनिटापासून दाब मिळाला त्याच्या मेंदूला कदाचित गारव्याची गरजच नव्हती. ज्याला वीस मिनिटं काहीच मिळालं नाही, त्याला गारवाही पुरणार नाही, असंही असू शकतं. दोन्हींपैकी काय खरं, ते त्या ट्रायलवरून सांगता येत नाही.

यावर पहिल्या तटाचं जोरकस उत्तर असं: शरीरशास्त्राला पासपोर्ट नसतो, स्वीडनमधल्या लुंडचा मेंदू आणि लासलगावचा मेंदू एकाच मातीचे. मला हे उत्तर मनापासून आवडतं. प्रत्येक औषध जिल्हानिहाय तपासायचं म्हटलं तर वैद्यकच थांबेल. पण नेमका गारव्याच्याच बाबतीत हा विश्वास एकदा दगा देऊन गेलाय, आणि तोही आपल्याच देशात. जन्मताना गुदमरलेल्या बाळांना तीन दिवस ३३ अंशांच्या आसपास ठेवलं की मृत्यू आणि अपंगत्व कमी होतं, हे श्रीमंत देशांतल्या अनेक ट्रायलमध्ये दिसलं होतं. तिथे तो नित्याचा उपचार झाला. मग भारत, बांगलादेश आणि श्रीलंकेतल्या सात मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर हेलिक्स ट्रायल झाली. २०२१ मध्ये निकाल आला: मृत्यू किंवा अपंगत्व मिळून फरक नाही, आणि नुसते मृत्यू पाहिले तर गार केलेल्यांत ४२ टक्के, न केलेल्यांत ३१ टक्के. तेच यंत्र, तेच अंश. बाळं वेगळी होती. इजा केव्हा आणि कशी झाली हे वेगळं असावं. कारणांवर अजून खल चाललाय. पण हेलिक्स झाली नसती तर आपण चांगल्या हेतूने बाळं गमावत राहिलो असतो, आणि प्रत्येक मृत्यूचं खापर मूळ गुदमरण्यावर फोडलं असतं. यातून निघणारा धडा दोन्ही तटांना बोचतो. आयात केलेला होकार जसा आंधळेपणाने घेता येत नाही, तसा आयात केलेला नकारही.

तरीही दुसऱ्या तटाने लगेच टाळ्या वाजवू नयेत. त्यांच्यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप मला मान्य आहे: प्रत्येक फसलेल्या उपचाराचे भक्त पेशंटच चुकीचे होते असं म्हणतात. १,९०० रुग्णांच्या त्या ट्रायलमध्ये वय, लिंग, लय, हृदय परतायला लागलेला वेळ, असे गट आधीच ठरवून पाहिले गेले होते. एकाही गटात गारवा जिंकला नाही. उशीर झाला म्हणून उपयोग झाला नाही, हाही बचाव होता. कारण रुग्णाला ट्रायलमध्ये घ्यायला हृदय परतल्यापासून तीन तासांपर्यंत मुभा होती, आणि प्राण्यांमधला फायदा दिसतो तो गारवा लवकर मिळाला तर. पण सिएटलच्या परिसरात १,३५९ रुग्णांना रस्त्यातच, अॅम्ब्युलन्समध्येच थंड सलाइन देऊन पाहिलं. २०१४ मध्ये आलेला निकाल सांगतो, फायदा नाही, उलट वाटेत हृदय पुन्हा बंद पडण्याचं प्रमाण वाढलं.

निकालानंतर गट पाडत बसलं की काय होतं, याचं सर्वांत मजेदार उदाहरण १९८८ चं. हार्ट अटॅकच्या १७,१८७ रुग्णांवरच्या ट्रायलमध्ये अॅस्पिरिनने जीव वाचतात हे निर्विवाद दिसलं. वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी आणखी गट पाडून दाखवा म्हटल्यावर संशोधकांनी मुद्दाम राशींनुसार गट पाडले. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना अॅस्पिरिन किंचित अपायकारक ठरलं! त्र्यंबकेश्वर इतकं जवळ असताना हे सांगायला जरा भीतीच वाटते, न जाणो कोणी मनावर घ्यायचं. मोठी ट्रायल पुरेशा वेळा चिरली की हवा तो तुकडा निघतोच. ‘ज्यांना सीपीआर (छातीवरचा दाब) उशिरा मिळाला, पण फार उशिरा नाही, वय साठच्या आत, साखर नॉर्मल’ असा एखादा गट शोधून त्यात गारवा जिंकला असं दाखवणाऱ्याला मी मिथुन-तूळची आठवण करून देईन.

मग निवडीचा मुद्दा निकालात निघतो का? नाही, कारण त्यामागचं गणित पक्कं आहे. शंभर रुग्ण धरा. समजा चाळीस कसंही केलं तरी जागे होणार, चाळीस कसंही केलं तरी जाणार. राहिले मधले वीस. गारव्याने यांतल्या चौथ्या हिश्श्याला वाचवलं, म्हणजे उपचार म्हणून उत्तमच काम केलं, तरी शंभरात फरक पडतो पाचांचा. २०२१ ची ट्रायल आखली होती ती मृत्यूंत शंभरामागे साडेसातांचा फरक पकडण्यासाठी. पाचांचा फरक तिच्या हातून सहज निसटू शकतो. हे आकडे मी कल्पिलेले आहेत, पण तर्क कल्पित नाही. उपचाराने ज्यांचं काही बिघडत नाही किंवा सुधारत नाही अशांची गर्दी जितकी मोठी, तितका खरा परिणाम पातळ. पिट्सबर्गचे डॉक्टर पेशंट आला की बेशुद्धीची खोली आणि हृदय-फुप्फुसांची अवस्था पाहून चार गटांत विभागणी करतात. त्यांच्या नोंदींत खोल कोमातल्या काही रुग्णांना ३३ अंश आणि हलक्या कोमातल्यांना ३६ अंश मानवल्यासारखे दिसतात. नोंदी या नोंदीच. कोणाला किती गार करायचं हे तिथे चिठ्ठ्या टाकून, म्हणजे योगायोगावर सोडून, ठरलेलं नव्हतं. पण कोणत्या गटावर ट्रायल करावी, एवढं सुचवायला त्या पुरेशा आहेत. मधला गट आधी ठरवा, प्रोटोकॉलमध्ये लिहा, मग चिठ्ठ्या टाका. निकालानंतर जे पळवाट असतं, तेच निकालाआधी विज्ञान असतं.

आणि आपल्याकडे निव्वळ मधल्या गटाचा प्रश्न नाही. निफाड-दिंडोरीच्या विहिरीतून काढलेला पोरगा, कीटकनाशक प्यालेली सून, मण्यार चावून श्वास थांबलेला रखवालदार, गळफासातून सोडवलेला विद्यार्थी. यांच्यात आधी श्वास जातो, हृदय मागाहून थांबतं. मेंदू कित्येक मिनिटं कमी-कमी होत जाणाऱ्या प्राणवायूवर तगमगत असतो. हृदयाच्या रोग्यासारखा क्षणात बंद पडत नाही. इजा वेगळ्या जातीची. २०१३ आणि २०२१ च्या ट्रायलमध्ये हे लोक मुळात नव्हतेच. फ्रान्समधली २०१९ ची हायपेरियन ट्रायल हा एक मोठा अपवाद: शॉक न देता येणाऱ्या लयी, कारण कोणतंही, आणि निम्म्याहून अधिक जण गुदमरून आलेले. तिथे मेंदू शाबूत राहून वाचलेले १०.२ टक्के विरुद्ध ५.७. कूलिंगवाले हा आकडा ताईतासारखा बांधून फिरतात. त्यांनी हेही सांगावं की एकाच रुग्णाचा निकाल उलटा लागला असता तर हा फरक योगायोग म्हणून सोडून द्यावा लागला असता, आणि २०२१ च्या ट्रायलमधले अशाच लयीचे रुग्ण मिसळल्यावर फायदा दिसेनासा झाला. पहिल्या तटाने मग एवढंच लक्षात ठेवावं की जे मिसळले ते गुदमरलेले नव्हते. म्हणजे प्रश्न अजून उघडाच आहे, आणि तो सोडवायला लागणारे पेशंट दुर्दैवाने आपल्याकडे भरपूर आहेत.

निवडीची एक चाळणी प्रोटोकॉलमध्ये कधीच लिहिलेली नसते. ती आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर चालते. २०२१ च्या मोठ्या ट्रायलमध्ये मेंदू सावरणार नाही हे ठरवायला नियम होते: किती दिवस थांबायचं, कुठल्या तपासण्या करायच्या, मगच व्हेंटिलेटर काढण्याचा विचार. इथे तिसऱ्या दिवशी बिलाचा कागद येतो आणि थोरला भाऊ म्हणतो, डॉक्टरसाहेब, आम्ही घरी नेतो. शेत विकायला काढणारं घर पाच दिवस थांबतं, विकायला काही नसलेलं दोन दिवस. मग वाचले कोण? गारव्याने तरलेले, की ज्यांच्या घरचा पैसा टिकला ते? जो गार असताना ‘डामा’ (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुटी) घेऊन गेला त्याला मृत धरायचं की हरवलेला? इथली कोणतीही ट्रायल या प्रश्नाचं उत्तर आधी देत नसेल, आणि दोन्ही गटांतल्या सगळ्यांच्या आयसीयूच्या खर्चाची सोय करत नसेल, तर ती तापमान तपासण्याऐवजी ऐपत तपासेल. एथिक्स कमिटीवर बसून मी पहिला हट्ट याचाच धरेन.

‘आपल्याकडे असल्या ट्रायल जमत नाहीत’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याला इतिहासातूनच उत्तर द्यावंसं वाटतं. देवळालीची कोरडी हवा आणि तिथली सॅनिटोरियम आठवणारे लोक अजून नाशकात आहेत. क्षयरोग्याला विश्रांती, चांगलं अन्न आणि मोकळी हवा हवी. झोपडीत राहणाऱ्याला नुसत्या गोळ्या देऊन काय होणार, अशी जगभरच्या तज्ज्ञांची खात्री होती. १९५६ मध्ये मद्रासला नेमके शहरातल्या दाट, गरीब वस्त्यांमधले रोगी निवडले आणि चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना सॅनिटोरियममध्ये, अर्ध्यांना घरीच वर्षभर औषध दिलं. १९३ रुग्ण. १९५९ मध्ये निकाल आला: घरचा उपचार जवळपास तितकाच चांगला. घरातल्यांना लागण होण्याचा धोकाही वाढलेला नाही, हेही पुढे दिसलं. मग जगभर क्षयाचा उपचार सॅनिटोरियममधून बाहेर पडला. त्या अभ्यासाची ताकद निवडीत होती. ज्यांच्याबद्दल शंका होती त्यांनाच घेतलं होतं. उत्तम खाणारे, मोठ्या घरांत राहणारे रोगी घेतले असते, तर निकाल तसाच येऊनही कोणी विश्वास ठेवला नसता.

राहिला प्राधान्याचा आक्षेप, आणि त्यात तथ्य आहे. एक कूलिंग मशीन घेण्याऐवजी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि शाळांत छातीवर दाब द्यायला शिकवलं तर जास्त जीव वाचतील, यात मला शंका नाही. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रामकुंडावर कोसळणाऱ्याला आधी हवे आहेत दोन हात आणि शॉक देणारं यंत्र. पण ट्रायलला मशीन लागतंच असं कुठे आहे? थंड सलाइन, बर्फाच्या पिशव्या, ओली चादर आणि दर तासाला तापमान लिहिणारी सिस्टर यांच्यावरही गार करता येतं. मेलबर्नवाल्यांनी बर्फाच्या पिशव्यांवरच भागवलं होतं. खरी अडचण पैशाची कमी आणि चिकाटीची जास्त आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच शहरात आहे. जिल्हा रुग्णालय आणि चार-पाच मोठ्या आयसीयू एकत्र आल्या तर सुरुवात ट्रायलने नाही, नोंदवहीने करता येईल: हृदय परत सुरू होऊन आलेला प्रत्येक माणूस, कारण काहीही असो, कोणी पाहिलं, किती मिनिटांनी हात लागला, पहिली लय कोणती, ताप किती चढला, कोण घरी घेऊन गेलं.

वर्षभराची अशी वही हातात आली की निवडीचे निकष हवेतून काढावे लागणार नाहीत. पन्नाशीच्या आतली बाई गरोदर असेल म्हणून वगळायची की दहा मिनिटांत तपासणी करून घ्यायची, विहिरीतला पोरगा आणि अटॅकचा माणूस एकाच गटात घालायचे की वेगळ्या चिठ्ठ्या टाकायच्या, कोणीच पाहिलं नाही अशाला दार बंद ठेवायचं का, हे तिथेच ठरेल. ते ठरल्यावर पहिला पेशंट घेण्याआधी सगळे निकष सीटीआरआय या देशातल्या ट्रायलच्या सार्वजनिक नोंदणीत टाकावेत. नियमच तसा आहे. आणि ज्यांना घेतलं नाही त्या प्रत्येकाची नोंद, नाव वगळून पण कारणासकट, निकालाबरोबर छापावी. मग दोन्ही तटांनी त्या यादीवर हवं तितकं भांडावं.